एका नियमाचा इतिहास

'आय ॲम नोइंग हिम' असे वाक्य एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिले, की परीक्षकाची तांबडी पेन्सिल क्षणाचाही विचार न करता त्याखाली रेघ ओढते. 'आय ॲम रीडिंग' शुद्ध, 'आय ॲम रायटिंग' शुद्ध. मात्र 'आय ॲम नोइंग' अशुद्ध, 'आय ॲम हॅव्हिंग टू ब्रदर्स' अशुद्ध आणि 'धिस बुक इज बिलाँगिंग टू मी' हेही अशुद्ध. कारण विचारले तर एक यादी पुढे केली जाते. जाणणे, मानणे, आवडणे, जवळ असणे, मालकीचे असणे, दिसणे, ऐकू येणे या अर्थांची क्रियापदे इंग्रजीत चालू काळात वापरू नयेत. ही यादी पाठ करावी आणि पुढे जावे, असे सांगितले जाते. भारतातील कित्येक पिढ्यांनी ती पाठ केली आहे. ज्यांना ती पाठ झाली नाही त्यांना कधी गुण गमवावे लागले, कधी मुलाखतीच्या खोलीतील सूक्ष्म स्मित सोसावे लागले.

ही यादी कोणी केली, केव्हा केली आणि ती नसताना इंग्रज लोक कसे बोलत होते, हे प्रश्न मात्र वर्गात सहसा निघत नाहीत. नियम हा जणू भाषेबरोबरच जन्मास आला असावा, अशी शिक्षकाची आणि विद्यार्थ्याची दोघांचीही समजूत असते. वस्तुतः या नियमाला जन्म आहे, बालपण आहे आणि त्याचे वयही फारसे मोठे नाही. तो इतिहास पाहिला म्हणजे 'आय ॲम नोइंग' शुद्ध ठरत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. परंतु ते लिहिणाऱ्या मुलाकडे पाहण्याची दृष्टी मात्र बदलते.

प्रथम नियमाचे मर्म पाहू. धावणे, लिहिणे, बांधणे या क्रियापदांनी एखादा व्यापार व्यक्त होतो. त्या व्यापाराला आरंभ असतो, मध्य असतो आणि क्षणाक्षणाला त्यात काही ना काही घडत असते. उलट, जाणणे, मालकीचे असणे, सारखे असणे या क्रियापदांनी स्थिती व्यक्त होते. एखाद्याला एखादी गोष्ट माहीत असते तेव्हा तो झोपला असला तरी ती त्याला माहीत असते. तेथे काही 'चाललेले' नसते. ऑटो येस्पर्सन या डॅनिश पंडिताने इंग्रजी व्याकरणाचा सात खंडांचा ग्रंथ १९०९ ते १९४९ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात त्याने चालू काळाला एका चौकटीची उपमा दिली आहे. 'ते आले तेव्हा तो लिहीत होता' असे म्हटले, की येण्याच्या क्षणाभोवती लिहिण्याची चौकट उभी राहते. ती आधी सुरू झालेली असते आणि नंतरही काही काळ टिकते. ज्या स्थितीला अशा कडाच नाहीत तिला ही चौकट बसत नाही, म्हणून इंग्रजी मनुष्य 'आय नो' असे साधेच म्हणतो. पुढे १९५७ साली झीनो व्हेंडलर या हंगेरीत जन्मलेल्या तत्त्वज्ञाने क्रियापदे आणि काळ यांवर एक निबंध लिहून क्रियापदांचे चार वर्ग केले. त्यांतील स्थितीचा वर्ग ओळखण्याची त्याची पहिली कसोटी हीच, की ते क्रियापद चालू काळात घालता येते की नाही. नियमामागे तर्क आहे, यात शंका नाही. परंतु तर्क नंतर आला. भाषा आधी चालत होती.

इंग्रजीतील चालू काळाचा माग काढीत गेले तर सुमारे अकराशे वर्षे मागे जावे लागते. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याने इ. स. ८७१ ते ८९९ पर्यंत राज्य केले. त्याच्या प्रेरणेने लॅटिन ग्रंथ जुन्या इंग्रजीत आणण्याचा मोठा उद्योग त्या काळी झाला. पाचव्या शतकातील ओरोसिअस या ख्रिस्ती इतिहासकाराच्या ग्रंथाचे भाषांतर हे त्या उद्योगाचेच एक फळ. या भाषांतरात 'असणे' या अर्थाच्या क्रियापदापुढे 'एंडे' असा प्रत्यय लागलेले धातुसाधित ठेवण्याची रचना वारंवार आढळते. अमुक लोक अमुक वर्षे लढत होते, असे सांगताना ती येते. पण नाईल नदी इजिप्त देशावर पसरून वाहते, हे भूगोलातील कायमचे सत्य सांगतानाही तीच रचना येते. त्या काळच्या गद्यात राहणे, वसणे या अर्थाचे क्रियापदही याच साच्यात सापडते. स्थिती आणि व्यापार यांच्यामध्ये आज जी भिंत उभी आहे ती त्या लेखकांपुढे नव्हती. चालू काळ ही त्यांची सक्ती नव्हती. वर्णनाला विस्तार किंवा जोर द्यावयाचा असेल तेव्हा हाताशी असलेली ती एक सोय होती.

नदी वाहते, हा व्यापार म्हणावा की स्थिती, हा प्रश्न केवळ इंग्रजीचा नाही. आल्फ्रेडच्या सुमारे हजार वर्षे आधी भारतातील वैयाकरणांनी त्याचा खल केला होता. पाणिनीने वर्तमानकाळासाठी लट् प्रत्यय सांगितला. त्यावर कात्यायनाने शंका काढली आणि पतंजलीने महाभाष्यात तिची चर्चा केली. गुरूकडे राहणारा शिष्य भोजन करीत असतानाही 'आम्ही येथे अध्ययन करतो' असे म्हणतो. त्या घटकेला तर अध्ययन चाललेले नसते, मग वर्तमानकाळ कसा? पतंजलीचे उत्तर असे, की जो व्यापार सुरू झाला आणि अद्याप संपला नाही तो वर्तमानच होय. जेवणारा देवदत्तदेखील मध्येच हसतो, बोलतो, पाणी पितो. म्हणून त्याचे जेवण थांबले असे कोणी म्हणत नाही. दुसरी शंका याहून खोल. पर्वत उभे आहेत, नद्या वाहतात, या वाक्यांत भूत आणि भविष्य यांचा विभागच नाही, तर वर्तमान तरी कोठून येणार? त्यावर भाष्यकार म्हणतो, की होऊन गेलेल्या, असलेल्या आणि होणाऱ्या राजांच्या क्रियांच्या आधाराने पर्वतांच्या उभे असण्यालाही तीन काळ लाभतात. संस्कृतात दोन्ही प्रसंगी लट् हे एकच रूप असल्यामुळे हा वाद विचाराच्या पातळीवर राहिला. त्यातून विद्यार्थ्याच्या माथी यादी बसली नाही. इंग्रजीत पुढे दोन रूपे समोरासमोर उभी राहिली आणि तंटा सुरू झाला.

इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतरच्या काही शतकांत इंग्रजीचे बरेचसे प्रत्यय झिजले. धातुसाधिताचा 'एंडे' हा प्रत्यय आणि क्रियानामाचा 'इंग' हा प्रत्यय उच्चारात एकमेकांत मिसळून गेले. त्याच वेळी दुसरीकडून एक रचना येत होती. 'तो शिकारीवर आहे' अशा अर्थाने 'ऑन हंटिंग' असे म्हणत. त्यातील 'ऑन' झिजून 'अ-हंटिंग' झाले आणि पुढे तो 'अ'ही गळून पडला. नाव आणि धातुसाधित असे दोन प्रवाह एका पात्रात आले. इंग्लंडच्या पश्चिम सीमेवरील वेल्श भाषेतही 'असणे' हे क्रियापद, एक लहानसे अव्यय आणि क्रियानाम अशी मिळतीजुळती रचना आहे. तिचा इंग्रजीवर काही परिणाम झाला असावा, असे काही अभ्यासक मानतात. ते मत वादग्रस्त आहे. पण एक गोष्ट वादातीत आहे : वेल्श मनुष्य आपल्या भाषेत 'मला माहीत आहे' आणि 'मला आवडते' हेही याच चालू साच्यात म्हणतो. भारतीय विद्यार्थ्याची 'चूक' लंडनपासून फार दूर नसलेल्या त्या डोंगराळ प्रांतात रोजच्या घरगुती बोलण्यातले व्याकरण आहे.

शेक्सपिअरच्या काळापर्यंत चालू काळ रूढ झाला होता, पण आवश्यक झाला नव्हता. हॅम्लेट पुस्तक वाचीत असतो आणि पोलोनिअस त्याला काय वाचता, म्हणून विचारतो. ते वाचन पोलोनिअसच्या डोळ्यांदेखत चालू आहे. तरीही त्याचा प्रश्न साध्या वर्तमानकाळात आहे. आज शाळेतील मुलाने तसे विचारले तर त्याचे गुण जातील. शेक्सपिअर १६१६ मध्ये वारला. त्यानंतरच्या दीड-दोनशे वर्षांत साध्या काळाच्या ताब्यातील एकेक क्षेत्र चालू काळाने घेतले. डोळ्यांसमोर घडत असलेल्या व्यापारासाठी तो आधी शक्य होता, मग नित्याचा झाला आणि शेवटी अनिवार्य झाला. साध्या वर्तमानाकडे उरल्या त्या सवयी, सार्वकालिक सत्ये आणि स्थिती.

या नियमाची खरी जन्मकथा हीच आहे. कोणा व्याकरणकाराने एके दिवशी स्थितिवाचक क्रियापदांना बंदी घातली, असे घडलेले नाही. चालू काळाचा पूर भाषेत चढत गेला, त्याने व्यापारवाचक क्रियापदांचा सखल प्रदेश व्यापला आणि स्थितिवाचक क्रियापदांची उंचवट्यावरची वस्ती कोरडी राहिली. शेक्सपिअरचा मनुष्य जसे 'आय नो' म्हणे तसेच आजचा इंग्रज म्हणतो. बदल झाला तो वाचणे-लिहिणे यांच्या रूपांत. शिक्षकाच्या हातातील यादी ही अशा रीतीने जुन्या व्यवस्थेच्या उरलेल्या बेटांची यादी आहे.

अठराव्या शतकात इंग्रजीला व्याकरणाच्या चौकटीत बसविण्याचे प्रयत्न जोराने सुरू झाले. डॉ. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला प्रसिद्ध शब्दकोश काढला आणि त्याला व्याकरणाचे एक प्रकरण जोडले. त्या काळी पुस्तक छापले जात आहे, हे सांगण्यासाठी 'द बुक इज प्रिंटिंग' असे म्हणत. मराठीत आपण 'पुस्तक छपाईत आहे' म्हणतो, त्यासारखाच हा प्रयोग. जॉन्सनला तो सदोष वाटला. मूळच्या 'अ-प्रिंटिंग' या अधिक शुद्ध प्रयोगाचा तो अपभ्रंश असावा, असे त्याने नोंदविले. सात वर्षांनी, १७६२ मध्ये, रॉबर्ट लोथ या धर्मोपदेशकाचे व्याकरण प्रसिद्ध झाले. हा गृहस्थ पुढे लंडनचा बिशप झाला आणि त्याच्या लहानशा पुस्तकाने शुद्धाशुद्धतेचा धाक कित्येक पिढ्यांना घातला. लॅटिन व्याकरणात नमुन्याच्या क्रियापदासाठी 'प्रेम करणे' हे क्रियापद घेण्याचा रिवाज होता; लोथनेही काळांचे कोष्टक देताना 'लव्ह' हेच क्रियापद घेतले आणि चालू वर्तमानाच्या घरात 'आय ॲम लव्हिंग' हे रूप निःशंकपणे लिहून टाकले. प्रेम ही स्थिती आहे, तिला चालू काळ वर्ज्य आहे, हे इंग्रजी शुद्धतेच्या या महापुरुषाच्या कोष्टकात कोठेही आढळत नाही. इंग्लंडातील घरोघरचे स्त्रीपुरुष तसे बोलत होते, असे मात्र यावरून समजू नये. लोकांची रूढी एकीकडे आणि पंडिताचे कोष्टक दुसरीकडे, असा हा प्रकार होता. यानंतर १७९५ साली लिंडले मरे या यॉर्क शहरात स्थायिक झालेल्या अमेरिकन वकिलाचे व्याकरण निघाले आणि इंग्रजी शिकणाऱ्या जगात त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या खपल्या.

त्याच १७९५ साली रॉबर्ट सदे या तरुण कवीने एका पत्रात दाढ उपटली जात असलेल्या मनुष्याची उपमा वापरली आणि ती वापरताना 'इज बीइंग' असा कर्मणि चालू काळ योजला. या प्रयोगाच्या आरंभीच्या उदाहरणांत त्या पत्राची गणना होते. आज 'द हाऊस इज बीइंग बिल्ट' हे वाक्य कोणाला खटकत नाही. पण एकोणिसाव्या शतकात त्यावर केवढा गहजब झाला! १८६० साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी भाषेवरील व्याख्यानांत जॉर्ज पर्किन्स मार्श या अमेरिकन विद्वानाने त्याचा कडक निषेध केला. १८७० मध्ये रिचर्ड ग्रँट व्हाइटने आपल्या पुस्तकातील एक संपूर्ण प्रकरण या प्रयोगाच्या धिक्कारासाठी खर्ची घातले. 'इज' आणि 'बीइंग' ही दोन्ही एकाच क्रियापदाची रूपे. असणे हे असत आहे, असे म्हणण्यात काय अर्थ, असा त्यांचा तर्क होता. एका शतकापूर्वी जॉन्सनने ज्या जुन्या प्रयोगाला दोष दिला होता त्याचाच आता शुद्धतेच्या नावाने कैवार घेतला जात होता. तर्क त्यांच्या बाजूने होता; जनता मात्र दुसऱ्या बाजूला गेली आणि प्रकरण मिटले.

दरम्यान कोरड्या राहिलेल्या बेटांवरही अधूनमधून लाटा येतच होत्या. १८१९ साली जॉन कीट्सने मित्राला लिहिलेल्या पत्रात आपण किती उद्योगी आहोत हे सांगताना खुद्द 'असणे' हे क्रियापदच चालू काळात घातले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका पत्रात आदल्या वर्षी वारलेल्या आपल्या टॉम या भावाच्या मालकीच्या वस्तूविषयी लिहिताना त्याने 'बिलाँग' हे क्रियापद चालू भूतकाळात वापरले. आज ते रूप एखाद्या नागपूरच्या किंवा इंदूरच्या विद्यार्थ्याच्या वहीत आढळले तर त्याखाली तांबडी रेघ येईल; ज्याच्या पत्रात ते आहे तो कवी मात्र त्याच विद्यार्थ्याच्या पाठ्यपुस्तकात असतो. कीट्सचा पहिला प्रयोग आज सर्वमान्य आहे. 'ही इज काइंड' म्हणजे तो स्वभावाने दयाळू आहे; 'ही इज बीइंग काइंड' म्हणजे तो या घटकेला दयाळूपणे वागतो आहे. मराठीत यासाठी क्रियापदच बदलावे लागते : 'तो शहाणा आहे' निराळे आणि 'तो शहाणपणा करतो आहे' निराळे. इंग्रजीने हे काम केवळ काळाच्या रूपावर सोपविले.

अशा रीतीने घर अद्याप बांधले जात असतानाच ही भाषा भारतात आली. १८३२ च्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केले, तेव्हा त्याच्या पानावर इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. दोन भाषांच्या दोन काळव्यवस्था महाराष्ट्रात अशा एका पानावर आल्या. १८३५ साली मेकॉलेचे टिपण झाले आणि बेंटिंकच्या सरकारने इंग्रजी शिक्षणाची बाजू घेतली. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण बाहेर पडले. १८४४ साली लॉर्ड हार्डिंगच्या सरकारने इंग्रजी शिकलेल्यांना सरकारी नोकरीत अग्रक्रम देण्याचे ठरविले आणि १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. इंग्रजी ही ज्ञानाची भाषा तर होतीच. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी तिला वाघिणीचे दूध म्हटले ते त्या अर्थाने. पण १८४४ नंतर ती भाकरीचीही भाषा झाली. अर्जाच्या एका ओळीवरून उमेदवाराची पारख होऊ लागली. व्याकरणातील सूक्ष्म भेद हा तेव्हापासून केवळ पंडितांचा विषय राहिला नाही. तो कुटुंबाच्या पोटाचा प्रश्न झाला.

या नव्या भाषेपुढे मराठी मुलगा आपले घरचे भांडवल घेऊन उभा राहिला. हे भांडवल काय होते? मराठीत 'मी जातो', 'मी जात आहे', 'मी जातो आहे' आणि 'मी जात असतो' अशी रूपे आहेत; अपूर्ण काळ आणि रीतिकाळ यांचा भेद तिला चांगला ठाऊक आहे. मात्र तिने स्थितीला अपूर्ण काळाचे दार बंद केलेले नाही. 'मला समोरचा डोंगर दिसतो आहे', 'मला तुमचे म्हणणे कळते आहे', 'मला थंडी वाजते आहे', 'मला असे वाटते आहे' ही वाक्ये घरोघर बोलली जातात आणि त्यांत कोणाला काही वावगे दिसत नाही. शिवाय मराठीत इंग्रजी 'हॅव्ह'ला जोडीदार क्रियापद नाही. 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याजवळ पैसे आहेत', 'मला माहीत आहे' अशी ही वाक्ये 'आहे'वर येऊन थांबतात. 'आहे' म्हणजे 'इज' किंवा 'ॲम', हा तर पहिलाच धडा. तेव्हा 'माहीत आहे' याचे भाषांतर करताना 'आहे'ला 'ॲम' आणि उरलेल्या शब्दाला 'नोइंग' अशी जोडणी मुलाच्या मनात झाली, तर त्यात मंदपणा नाही. एका भाषेची व्यवस्था दुसऱ्या भाषेवर प्रामाणिकपणे लावून पाहण्याचा तो प्रयत्न आहे. हे केवळ मराठी मुलाचेही वैशिष्ट्य नव्हे. हिंदी, तामिळ, बंगाली बोलणारेही याच ठिकाणी ठेचाळतात. म्हणून सारा भार मातृभाषेवर टाकणे रास्त होणार नाही. चालू काळ शाळेत फार लवकर आणि फार घोकून शिकविला जातो, त्यामुळे तो जेथे नको तेथेही हात पुढे करतो, असेही काही अभ्यासकांचे म्हणणे आहे.

राज्यकर्त्यांच्या समाजाने या धडपडीकडे दोन तऱ्हांनी पाहिले. एक तऱ्हा थट्टेची. एफ. ॲन्स्टी या टोपणनावाने लिहिणाऱ्या विनोदी लेखकाने 'बाबू जबरजी, बी. ए.' हे पात्र निर्माण केले. 'पंच' साप्ताहिकातून आलेल्या त्या लेखांचे पुस्तक १८९७ मध्ये निघाले आणि हिंदी पदवीधराच्या इंग्रजीवर लंडनचा दिवाणखाना पोटभर हसला. दुसरी तऱ्हा दुरुस्तीची. मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतील जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ याने १९०७ साली 'इंडियन इंग्लिश' या नावाचे पुस्तक लिहून येथील लोकांच्या इंग्रजीतील चुका वर्गवारीने मांडल्या. पुढे मुंबई इलाख्याच्याच शिक्षणखात्यात काम केलेल्या पी. सी. रेन याने एच. मार्टिन याच्या जोडीने १९३० नंतरच्या दशकात शालेय व्याकरण रचले. 'रेन आणि मार्टिन' हे जोडनाव भारतात कोणाला ठाऊक नाही? त्याच्या सुधारित आवृत्त्यांत चालू काळात न वापरावयाच्या क्रियापदांची वर्गवार यादी आहे. त्या यादीने लक्षावधी मुलांचा मार्ग सोपा केला, हे मान्य केले पाहिजे. पण यादीबरोबर यादीचा इतिहास आला नाही. नियम आला तो आज्ञेच्या रूपाने. आणि आज्ञा मोडणारा अपराधी ठरतो.

स्वातंत्र्यानंतर हा विनोद आपल्याच माणसांच्या हाती आला. मुंबईच्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजात १९२४ साली जन्मलेले कवी निसीम इझिकेल यांनी 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' ही कविता लिहिली. १९७६ च्या 'हिम्स इन डार्कनेस' या संग्रहात ती आहे. परदेशी निघालेल्या एका बाईच्या निरोपसमारंभातील भाषण असे तिचे रूप असून जवळजवळ प्रत्येक क्रियापद चालू काळात आहे. ही थट्टा की जिव्हाळा, यावर वाचकांत मतभेद राहिले. कवितेतील वक्ता चुकतो, हे खरे; पण तो त्या बाईविषयी आदराने बोलतो, हेही खरे. त्याच सुमारास श्रीनगरात जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू हे भारतातील इंग्रजीला तिची स्वतःची घडण आहे, असे प्रतिपादन करीत होते. त्यांचा 'द इंडियनायझेशन ऑफ इंग्लिश' हा ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. चूक आणि घडण यांच्यामधली रेषा कोठे ओढावयाची, हा वाद त्यानंतर पंडितांच्या सभांत रीतसर चालू झाला.

इकडे वाद चालू असताना तिकडे पुराचे पाणी चढतच आहे. २००३ साली मॅक्डोनल्ड्स या अमेरिकन खाद्यगृहांच्या कंपनीने जगभर एक घोषवाक्य प्रसृत केले. त्यात 'लव्ह' हे क्रियापद चालू वर्तमानकाळात आहे. बिशप लोथने १७६२ मध्ये कोष्टकाच्या घरात लिहिलेले आणि पुढे शाळांनी निषिद्ध मानलेले ते रूप अडीचशे वर्षांनी रस्त्यारस्त्यावरच्या फलकांवर झळकले. इंग्रज श्रोत्याला त्यातून 'या घटकेला मनापासून आवडते आहे' असा अर्थ जाणवतो. स्थितीला क्षणापुरती चौकट घालण्याची ही युक्ती आहे. यावरून नियम संपला असे होत नाही. 'आय ॲम नोइंग' आजही प्रमाण इंग्रजीत चालत नाही, 'आय ॲम हॅव्हिंग टू ब्रदर्स'ही चालत नाही. मात्र कोणते बेट आणखी किती काळ कोरडे राहील, हे कोणत्याही व्याकरणकाराच्या हाती नाही.

मग शिक्षकाने करावे तरी काय? यादी फेकून द्यावी, असे कोणी समंजस मनुष्य म्हणणार नाही. ज्या परीक्षेवर मुलाचे भवितव्य अवलंबून आहे त्या परीक्षेचे प्रमाण त्याला ठाऊक असलेच पाहिजे. ते न सांगणे ही त्याची फसवणूक होईल. परंतु यादीऐवजी चौकटीची कल्पना आधी दिली, 'जेवीत आहे' आणि 'माहीत आहे' या दोन मराठी वाक्यांतील 'आहे' एकच काम करीत नाही हे फळ्यावर दाखविले, तर मूल पाठांतराशिवायही नियमाजवळ येते. 'आय ॲम हॅव्हिंग लंच' का चालते आणि 'आय ॲम हॅव्हिंग अ हाऊस' का चालत नाही, याचे उत्तर यादीत सापडत नाही. जेवण चालू असते आणि घर नुसते असते, या भेदात सापडते.

आणि तांबडी रेघ ओढण्याची वेळ आलीच, तर ती ओढताना परीक्षकाने एवढे मनात आणावे, की या एका जागी आल्फ्रेडच्या काळचे भाषांतरकार, लंडनचा बिशप आणि इंग्लंडचा एक थोर कवी हे तिघेही त्या मुलाच्या शेजारच्या बाकावर बसलेले आहेत. गुण कापले तरी चालतील; हसू नये.